भुताला चेहरा कोणाचा?

ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारहाण झाली. सगळे दलित कुटुंबांतले. त्यांत म्हाताऱ्या बायकाही होत्या. मे 2024 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला मारझोड करून जाळण्यात आले. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालचा. दोन्ही वेळी तो लागू होऊन बरीच वर्षे उलटली होती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्याच वरोऱ्याच्या आसपास थोडक्या पैशांत भयपट करू पाहणाऱ्या मंडळींनी पटकथेचे पहिले पान लिहिण्याआधी या दोन बातम्या वाचाव्यात. कारण कमी खर्चाच्या भयपटाचे ठरलेले सामान नेमके याच वस्तीतून उचलले जाते: गावकुसाबाहेरची झोपडी, पांढऱ्या केसांची एकटी म्हातारी, काहीबाही पुटपुटणारा आदिवासी पुजारी, बोटे झडलेला भिकारी. हे सामान स्वस्तात मिळते, प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही आणि पार्श्वसंगीत चढले की काम भागते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तो खेळ वाटतो. जिवतीत किंवा एटापल्लीत मात्र त्या म्हातारीला शेजारी असतात, आणि ते शेजारीही सिनेमा बघतात.

प्रतिनिधित्व म्हटले की पोस्टरवर चार तऱ्हेचे चेहरे बसवायचे, अशी एक समजूत असते. भयपटात प्रश्न अधिक टोकदार आहे. पडद्यावर घाबरतो कोण, आणि ज्याला घाबरायचे तो कोण? या निर्णयाला एक रुपयाही लागत नाही, आणि पात्रनिवडीपासून मेकअपपर्यंतचे सगळे निर्णय त्याच्यामागून येतात.

आधी दोन रकाने

पटकथेचा पहिला खर्डा झाला की लेखकाने एका कागदावर दोन रकाने आखावेत: घाबरणारे आणि घाबरवणारे. प्रत्येक पात्रापुढे वय, बाई की पुरुष, जात-जमात, कामधंदा, भाषा आणि शरीराची अवस्था लिहावी. डावीकडे नागपूरहून आलेले तरुण जोडपे आणि उजवीकडे विधवा, गोंड, अपंग, वेडसर अशी यादी निघाली, तर खर्डा पुन्हा लिहायला घ्यावा. नुसती नावे बदलून भागत नाही. भीतीचा उगमच हलवावा लागतो.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (2017) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एक घर, उसाचा फड, मोजकी पात्रे आणि भरपूर उन्हातली भीती. पूजा सावंतने केलेली गरोदर नेहा आणि उषा नाईक यांची तुळसाबाई यांच्याभोवती चित्रपट फिरतो. भुते आहेत, पण खरी दहशत आहे ती मुलगाच हवा म्हणणाऱ्या घराची. अन्याय झालेली माणसे भुते झाली आणि अन्याय करणारे जिवंत राहिले, ही मांडणी इतकी मजबूत होती की त्याच दिग्दर्शकाने तिच्यावर ‘छोरी’ (2021) हा हिंदी चित्रपट केला. एक मर्यादाही नोंदवावी. अशा कथांत क्रौर्य नेहमी खेड्यात राहते आणि सुटका नेहमी शहराकडे असते. वरोऱ्यात चित्रीकरण करणाऱ्यांना हा साचा उलटवायची संधी आहे. भीती शहरातूनही येऊ शकते: जमिनीचे कागद घेऊन, खाणीचा नकाशा घेऊन, कर्जवसुलीची वही घेऊन.

इथे राहते कोण

2011 च्या जनगणनेत गडचिरोलीत आदिवासींचे प्रमाण सुमारे 38 टक्के आणि चंद्रपुरात सुमारे 18 टक्के होते. पण ‘आदिवासी’ म्हटल्याने पात्र घडत नाही. गोंड, माडिया आणि कोलाम यांच्या भाषा, देव, घरे निराळी. माडिया आणि कोलाम यांची गणना केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. याखेरीज सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारी गावे आहेत, चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेले बंगाली आहेत, घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात उत्तरेकडून आलेले कामगार आहेत. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून जिल्ह्यात बौद्धांची मोठी वस्ती आहे.

कथानकाला याचा थेट फायदा होतो. घरात विचित्र आवाज येऊ लागले की पहिल्या अर्ध्या तासात मांत्रिक बोलवायचा, हा भयपटाचा पाठ. बौद्ध शिक्षकाच्या घरात ते घडणार नाही. तो आधी वायरमनला बोलावील, मग पोलिसांत जाईल, आणि काहीच लागू पडेना तेव्हा त्याची जी अवस्था होईल ती प्रेक्षकाने आधी पाहिलेली नसेल. तेंदूच्या फडावरचा मुन्शी, रात्री-अपरात्री बोलावणे येणारी आशाताई, ताडोब्यातली महिला गाईड, खाणीतला पंपचालक: यांतले प्रत्येक जण अंधाराला वेगळ्या रीतीने सामोरे जाते.

जंगल हे रिकामे आणि शापित दाखवायची सवयही सोडावी. इथल्या जंगलात माणसे रोज पोटासाठी जातात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे बायका पानांना निघतात. ही भीती कुठल्याही चकव्यापेक्षा मोठी आहे, आणि ती ज्यांची आहे त्यांनाच कथेच्या मध्यभागी ठेवले तर चित्रपटाचा कणा बदलतो. ताडोबा हे नाव ज्या तारू देवावरून आले असे सांगतात, तो लोककथेप्रमाणे वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख. त्याचे ठाणे तळ्याकाठी आहे. वाघाने मारलेला माणूस इथे भूत न होता देव झाला. ही कल्पना हाताशी असताना हॉलिवूडमधून उसनी बाधा आणायची गरज नाही.

देव-देवस्थान कॅमेऱ्यात घेताना

माडिया लोक मृतांच्या नावे दगड उभे करतात. दिसायला ते गूढ वाटतात, संध्याकाळच्या उजेडात तर फारच. पण ते कोणाचे तरी आजोबा-पणजोबा आहेत. चंद्रपूरच्या तुरुंगातला पिंपळ हेही असेच उदाहरण. ब्रिटिशांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी फाशी दिली ती याच झाडाशी, म्हणून गोंड समाज तिथे नमन करतो. ‘फाशीचा पिंपळ’ म्हणून तो भुताचे झाड केला तर दृश्य मिळेल आणि अख्खा प्रदेश दुरावेल.

यावर दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे देव, विधी, पोशाख सगळेच उघडपणे काल्पनिक घडवणे. ‘तुंबाड’ (2018) मधला हस्तर असाच घडवलेला देव. कुठल्याही जिवंत समाजाच्या माथी तो मारलेला नाही. मात्र कल्पित देवाला गोंडांची पिसे, माडियांची शिंगे आणि कोलामांचा ढोल चढवला की तो काल्पनिक राहत नाही. दुसरा रस्ता खऱ्या परंपरेला विचारून जाण्याचा. त्यासाठी गावातल्या भूमकाशी किंवा पेरम्याशी, म्हणजे पुजाऱ्याशी, बोलणे पुरत नाही, ग्रामसभा गाठावी. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचे काही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला परंपरा आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. अशा ठिकाणी सरपंचाची सही घेऊन कॅमेरा लावणारे युनिट दुसऱ्याच दिवशी अडचणीत येते.

ग्रामसभेपुढे पूर्ण गोष्ट सांगावी, शेवटासकट. कोणता विधी दिसणार, कोणते पात्र दुष्ट आहे, हे लपवू नये. काय चित्रित करू नये, कुठे जाऊ नये, हे विचारून ठरावात लिहून घ्यावे. ‘कांतारा’ (2022) नंतर घडलेले लक्षात असावे. किनारी कर्नाटकातल्या भूतकोला या दैवपूजेच्या विधीला त्या चित्रपटाने देशभर नेले. कर्नाटक सरकारने साठीपुढच्या दैवनर्तकांना दरमहा 2,000 रुपये भत्ताही जाहीर केला. पण चित्रपटगृहात प्रेक्षक दैवाची नक्कल करू लागले, आणि पुढच्या भागाच्या वेळी तसे करू नका असे आवाहन निर्मात्यांना करावे लागले.

वन विभागाची परवानगी ही वेगळी गोष्ट. अभयारण्यात आणि व्याघ्रप्रकल्पात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ती लागते. वाघ, बिबट्या, अस्वल, माकड यांना खेळासाठी शिकवण्यावर 1998 पासून बंदी आहे, तेव्हा जनावर दाखवायचेच असेल तर ते आवाजातून किंवा संगणकावर उभे करावे.

शरीर हे भुताचे चिन्ह नव्हे

वरोऱ्यात बसून भयपट लिहिणाऱ्याला आनंदवन टाळता येत नाही. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन सुरू झाले. जगभरच्या भयपटांनी ज्या शरीराला राक्षस ठरवले, त्याच शरीराच्या माणसांनी इथे शेती केली, विहिरी खोदल्या, हातमाग चालवले.

जॉन कार्पेंटर यांचा ‘द फॉग’ (1980) हा कमी खर्चाचा, गाजलेला चित्रपट इथे बसून जरूर पाहावा. कुष्ठरुग्णांची वसाहत उभारायला निघालेले जहाज किनाऱ्यावरचे गावकरी कट करून बुडवतात, त्यांचे सोने घेऊन गाव वसवतात, आणि शंभर वर्षांनी बुडालेले लोक धुक्यातून परत येतात. अन्याय त्यांच्यावर झालेला. तरी चित्रपटात त्यांना चेहरा नाही, संवाद जवळजवळ नाही, फक्त आकडे आणि सडलेली हाडे आहेत. हीच कथा आनंदवनाच्या दारातून लिहिली तर जहाजावरच्या माणसांना नावे मिळतील. नव्या लेखकाला याहून चांगला गृहपाठ सापडायचा नाही.

वैद्यकीय बाजूही पक्की असावी. कुष्ठरोग जंतूंनी होतो, बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. हातापायांची विकृती नसांना झालेल्या इजेतून येते आणि रोग गेल्यावरही राहू शकते. म्हणजे वाकडी बोटे हे संसर्गाचे लक्षण नव्हे, शापाचे तर नव्हेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त आणि ॲसिडहल्ला झालेल्या व्यक्तींसह 21 प्रकार मोजले आहेत. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या दिव्यांग-चित्रणाबाबत निर्देश दिले: हिणवणारे शब्द टाळावेत, अवस्थेची माहिती नीट तपासावी, निर्मितीत दिव्यांगांना सहभागी करून घ्यावे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तर 2018 मध्येच चेहऱ्यावरचे व्रण खलनायकाची खूण म्हणून वापरणाऱ्या चित्रपटांना पैसे न देण्याचे जाहीर केले होते.

मेकअपच्या बाबतीत त्यामुळे एक सोपी चाचणी लावता येते. भुताचा चेहरा खऱ्या आजारासारखा किंवा खऱ्या भाजलेल्या कातडीसारखा दिसत असेल तर तो बदलावा. माती, राख, पाणी, पाला, सावली यांतून भूत घडवता येते, आणि ते कृत्रिम कातडीपेक्षा स्वस्तही पडते.

दिव्यांग पात्रासाठी दिव्यांग कलाकार शोधणे हाही इथे दूरचा विचार नाही. आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत. 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदातले कलाकार मोठ्या मंचावर वावरलेले आहेत. ‘अ क्वाएट प्लेस’ (2018) मध्ये बहिऱ्या मुलीचे काम मिलिसेंट सिमंड्स या खरोखरच बहिऱ्या अभिनेत्रीने केले. तिची खुणांची भाषा हाच कथेचा आधार झाला. संस्थेकडे जाताना कॅमेरा न्यायचा नाही, पटकथा न्यायची. आणि ‘थोडा वेळ दिसेल असा एखादा पेशंट’ मागायला तर जाऊच नये.

नट दारात आहेत

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्र-रात्र चालते. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाटक कंपन्यांचे माहेर. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ (2022) झाडीपट्टीतल्याच कलाकारांना घेऊन उभा राहिला. तरीही बाहेरून येणारी युनिट्स मुख्य भूमिका मुंबईहून आणतात आणि स्थानिकांना गर्दीत उभे करतात.

झाडीपट्टीचा नट हजारो माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकलेला असतो. कॅमेऱ्यापुढे तो आवाज खाली आणावा लागतो. आठवडाभराच्या तालमीत हे जमते. बदल्यात रात्रभर न थकणारा, पाठांतराला पक्का, अंधारात उभे राहायची सवय असलेला माणूस मिळतो.

पात्रनिवडीत दुसरीही एक खबरदारी घ्यावी. गोंड नटाला फक्त गोंड भूमिका देणे हाही कुंपणाचाच प्रकार. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरांत झाला. नायकाचे काम ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाला मिळाले ते चाचणी सर्वांत चांगली दिल्यामुळे. पटकथेत वर्णाचा उल्लेख नव्हता. पण शेवटी त्याला बंदूकधारी गोरे लोक गोळी घालतात, तेव्हा प्रेक्षकाला अमेरिकेचा सगळा इतिहास दिसतो. डॉक्टर, ठाणेदार, वकील या भूमिकांच्या चाचण्या सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात, आणि निवड झाल्यावर दृश्याचा अर्थ कुठे बदलतो ते पाहून पटकथेवर पुन्हा हात फिरवावा.

सावळ्या-काळ्या कातडीला आणखी काळा रंग फासून ‘आदिवासी’ करण्याची पद्धत तर तातडीने बंद व्हावी. रात्रीच्या दृश्यांत उजेडाचे माप गोऱ्या चेहऱ्यावर धरले की काळा चेहरा नुसता दात-डोळ्यांपुरता उरतो. प्रत्येक नटाची प्रकाशचाचणी वेगळी घ्यावी. थर्माकोलचा एक पत्रा आणि बाजूने सोडलेला मंद एलईडी दिवा एवढ्याने चेहरा उठून येतो.

बोलीचे काम घाईचे नाही

झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत, वऱ्हाडीचा सूर निराळा, आणि वरोरा दोन्हींच्या वाऱ्यावर. ‘विदर्भाची भाषा’ म्हणून एकच विनोदी हेल सगळ्यांच्या तोंडी घातला की इथला प्रेक्षक पाचव्या मिनिटाला उठतो. गोंडी, माडिया आणि कोलामी तर द्राविड कुळातल्या. मराठी शब्द वाकडे करून त्या होत नाहीत. संवाद त्या भाषेच्या माणसाकडून लिहून घ्यावेत, त्याला मानधन आणि श्रेयनामावलीत लेखक म्हणून जागा द्यावी, आणि चित्रीकरण थेट ध्वनिमुद्रणाने करावे. गोंडी ही फक्त मंत्राची भाषा म्हणून ऐकू आली तर ती पुन्हा भीतीचेच सामान झाली. तीच भाषा भांडणात, थट्टेत, हिशोबात, मोबाइलवरच्या बोलण्यात ऐकू यावी. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. भाषा किती जिती आहे हे तिथे कळते.

कॅमेऱ्यामागे आणि पाकिटात

थोड्या पैशांच्या चित्रपटात स्थानिकांचे मानधन पहिले कापले जाते. अंदाजपत्रकातच नियम लिहावा: एकाच कामाला बाहेरच्याला आणि गावच्याला एकच दर, तोही त्याच दिवशी. सहायक दिग्दर्शक, ध्वनी, वेशभूषा यांपैकी निदान दोन विभागांत जिल्ह्यातली मुले-मुली घ्यावीत. दहा किंवा अधिक माणसे कामाला असली की 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते. रात्रपाळीत बायकांसाठी स्वच्छतागृह आणि घरापर्यंत गाडी ही सोय नसेल तर त्या चाचणीला येणारच नाहीत, आणि मग ‘मुली मिळत नाहीत’ ही तक्रार पोकळ ठरते.

भयपटात लहान मूल हमखास असते. बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि मोबदल्यातला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. भीतीचे दृश्य मुलाला खेळ म्हणून समजावून, तुकड्यांत घ्यावे.

संकलन पक्के होण्याआधी कच्चा चित्रपट ज्या गावात चित्रित झाला तिथे दाखवावा. लोक कुठे हसतात, कुठे गप्प होतात, कुठे उठून जातात, हे टिपून घ्यावे आणि दुरुस्तीसाठी संकलकाचे चार-पाच दिवस राखून ठेवावेत. दृश्यवर्णन आणि उपशीर्षकांची सोयही याच वेळी करून घ्यावी. भयपट निम्मा आवाजावर चालतो, त्यामुळे अंध प्रेक्षकासाठी तो फार जवळचा प्रकार आहे.

राहिले वेळापत्रक. दिवाळी ते होळी झाडीपट्टीचे कलाकार रात्री मोकळे नसतात, आणि त्याच सुमाराला धानाची कापणी-मळणी असल्याने गावही कामात असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मेमध्ये तेंदूपानांना लोक जंगलात असतात. त्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. पावसाळ्यात रस्ते तुटतात आणि ताडोब्याचा गाभा बंद असतो. म्हणून ग्रामसभेच्या भेटी आणि बोलीचे काम जून-जुलैत उरकावे, चाचण्या आणि तालमी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्याव्यात, आणि बाहेरचे चित्रीकरण पाऊस उघडल्यापासून दिवाळीच्या आत संपवावे. उरलेली घरातली दृश्ये होळीनंतर, पंखे लावून, रात्री घेता येतात.